पुढच्या सीटवरची बाई

सत्तरच्या दशकात आम्ही फियाट घेतली, त्यानंतरची ही गोष्ट. ह्यांचं सोलापुरात चादरींचं दुकान होतं. ओळखीच्या एका डॉक्टरांनी विचारलं, "कॅन्सरच्या पेशंटना रेडिएशनचे शेक द्यायला बार्शीला न्यावं लागतं. एसटीचे धक्के त्यांना सोसत नाहीत. तुमची गाडी मिळेल का?" हे लगेच हो म्हणाले आणि गाडी स्वतःच चालवायला लागले. मला अभिमान वाटला.

मग ती आली. तेलुगू विणकरांच्या घरातली, माझ्याच वयाची. घशाचा कॅन्सर. मागे बसलं की तिला उलटी व्हायची, म्हणून ती पुढे ह्यांच्या शेजारी बसायची आणि तिची सासू मागे.

"तिला गिळता येत नाही," हे मला म्हणाले. "आंबील पातळ कर. गाळून दे."

मी तापानं फणफणले होते तेव्हा ह्यांनी कधी पाणी विचारलं नव्हतं. तरी आंबील केली, फडक्यातून गाळून डब्यात भरली. बार्शीहून हे शीळ घालत परत यायचे. ती शीळ मला सहन व्हायची नाही.

एकदा तिच्या सासूला बरं नव्हतं. मी म्हटलं, "आज मी येते सोबत."

गाव मागे पडलं आणि हे बोलायला लागले. घरात दिवसभरात चार शब्द न बोलणारा माणूस! लहानपणी रेल्वेच्या वर्कशॉपात काम करायचं म्हणून हे घरातून पळून कुर्डुवाडीला गेले होते, प्लॅटफॉर्मवर झोपले होते. वडिलांनी शोधून आणून दुकानाच्या गादीवर बसवलं. "अजून सकाळी दुकान उघडायला नको वाटतं," हे म्हणाले. डॉक्टरांनी तिला बोलायची मनाई केली होती. ती नुसती मान हलवत होती. मी मागे डबा घट्ट धरून बसले होते. ह्यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं.

रात्री जेवताना विचारलं, "कुर्डुवाडीचं मला कधी का नाही सांगितलं?"

"तू मधेच बोलतेस," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मी जेवताना गप्प बसू लागले. हेही गप्पच जेवून उठायचे.

तिचे शेक संपले. बऱ्याच महिन्यांनी ती आमच्याकडे आली. अंगावर थोडं मांस चढलं होतं. घरच्या मागावर विणलेला टॉवेल तिनं आणला होता. मी चहा करत होते, तर स्वयंपाकघरात आली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "वहिनी, तुमचे मालक लई बोलतात की! मला वाटेत झोप यायची. पण एवढ्या मायेनं नेतात, कसं झोपायचं? डोळे ताणून बसायची."

मी हसले, तीही हसली. पण मनातला हेवा हलला नाही. तिला झोप येईपर्यंत हे बोलले होते. मी तर रात्रभर जागून ऐकलं असतं.

मी तिला चहा गार करून दिला. हे बाहेर पेपर वाचत होते.