बोअरच्या पाण्याचा कॅन

लातूरच्या बसस्टँडसमोर मी पत्रकं वाटत होते, तेव्हा मावशीच्या यजमानांचा, काकांचा, नांदेडहून फोन आला. "मावशी गेली गं..." एवढंच बोलले. हातातली पत्रकं क्लासच्या मुलींच्या वसतिगृहांबद्दलची होती. मेसची ताटं धड धुतली जात नाहीत, मुली आजारी पडतात, मालक ढिम्म. त्या ताटांसाठीच वत्सलामावशी खपत होती.

मावशी मूळची देगलूरची, नांदेडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. सोयाबीन तेलाच्या कारखान्यातल्या गाळातून मेदाम्लं काढून तिनं ताटं धुवायचा द्रव बनवला होता. तेलकटपणा काढणारा आणि जंतूही मारणारा. जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत त्याचा थेंब टाकला की भोवती स्वच्छ गोल उमटायचा. पहिला मोठा गोल पाहिला आणि मी तिथंच पत्रकाचा मथळा ठोकला, 'जंतूंचा खात्मा!' मावशीनं कागद उलटा ठेवला.

"लई घाई हाय तुला. हे डिस्टिल्ड पाण्यातलं हाय."

"मग काय झालं?"

"तुझ्या लातूरच्या पोरी डिस्टिल्ड पाण्यात ताटं धुतात व्हय गं?"

वसतिगृहाच्या बोअरचं पाणी मलाच आणायला लावलं. एसटीत मांडीवर कॅन घेऊन मी चरफडत गेले. त्या क्षारांच्या जड पाण्यात द्रव फाटला, पांढरा साका बसला, गोल जवळजवळ नाहीसाच झाला. मी रडकुंडीला आले. मावशी नवं मिश्रण करायला लागलीसुद्धा. शेवटचं भेटलो तेव्हा बोअरच्या पाण्यातही गोल पुन्हा जरासा उमटू लागला होता...

शोकसभेत एका कारखानदारानं जाहीर केलं की मॅडमच्या नावानं द्रव बाजारात आणू, मोठ्या गोलाचा फोटो आहेच. मी उभी राहिले. "कुठल्या पाण्यातला फोटो?"

"ताई, आज पाण्याचा विषय कशाला?"

"आजच!" मी सगळ्यांसमोर सुनावलं. जिवंतपणी तिला प्रयोगशाळेसाठी एक गाळणंही कुणी दिलं नाही. आता तिचं नाव बाटलीवर चिकटवायचं आणि पोरींना तसंच आजारी ठेवायचं, ही कसली श्रद्धांजली? काकांनी तिथल्या तिथं नकार दिला.

परवा प्रयोगशाळा आवरताना तो कॅन सापडला. झाकणावर मावशीच्या हातची पट्टी, 'पिऊ नये. चहालाही नाही.' एकदा स्टाफरूममध्ये त्याच पाण्याचा चहा झाला होता.

"जुनं पाणी हाय, ओतून देऊ?" काकांनी विचारलं.

"ओता. कॅन मला द्या."

मावशीची विद्यार्थिनी रेश्मा जंतूंच्या बशांत तिचं नवं मिश्रण तपासायला तयार आहे. मी कॅन वसतिगृहाच्या बोअरच्या नळाखाली धरलाय. नव्या पत्रकावर मथळ्याची जागा कोरी सोडलीय... याच पाण्यात गोल उमटला, तरच भरणार.