पाहुणे आले की बरा होणारा पूल

धानोऱ्याकडच्या रानात धुरपताच्या गावाला पूल मिळाला, तोही फायबरचा. लोखंड नाही, सिमेंट नाही. थरावर थर चिकटवून केलेला, आणि माणसांनीच तुकड्यातुकड्यांनी खांद्यावर वाहून आणलेला. त्याच्या पोटात केसासारख्या तारा घातल्या होत्या. पूल कुठे वाकला, कुठे ताणला, ते त्या तारा थेट नागपूरला सांगत. दुखणं इथे, वैद्य तिथे.

तारांच्या डब्यात मुंग्या शिरू द्यायच्या नाहीत, सोलरची काच पुसायची, हे काम गावाने धुरपताला दिलं. तिने पुलाला नव्या जावयासारखं जपलं. सारवता येत नाही एवढंच तिला खटके.

तिची लेक दीपिका पलीकडच्या गावात द्यायची होती. या गोंडांच्यात लग्न नवऱ्याच्या मांडवात, म्हणून नवरीलाच नाचत नेतात. धुरपताच्या वेळी पूल नव्हता. खालच्या डोहाला उन्हाळ्यातही माणूस बुडेल एवढं पाणी. ती लाकडाच्या ओंडक्याला धरून आली आणि ओलीचिंब लग्नाला उभी राहिली. बायको मासोळीसारखी गावली, असं तिचा नवरा सुकलू अजून चारचौघांत सांगतो. लेक मात्र कोरडी जावी, नाचत जावी, एवढंच धुरपताचं मागणं होतं.

लग्न तोंडावर आलं आणि नागपूरहून इंजिनिअर नीलिमाबाईंचा फोन आला. पूल दुपारी एका अंगाला पिळतो, संध्याकाळी सरळ होतो. आतले थर सुटत असतील. पुलावर काही वजन ठेवता काय? धुरपता म्हणाली, गाडी नाही, बैल नाही, काहीच नाही. ती खोटं बोलली नाही. पुलाच्या अर्ध्या रुंदीवर मोहफुलं वाळत होती खरी. तिथे माती लागत नाही, आणि शेळ्या पुलाला भितात. पण मोहाला वजन कोण म्हणतो?

नीलिमाबाई पाहायला आल्या. पाहुणे येणार म्हणून बायांनी आदल्या दिवशीच फुलं उचलली, पूल झाडला, घागरी ओतून धुतला. बाईंनी ठोकून पाहिलं, कान लावून पाहिलं, पूल ठणठणीत. त्या गेल्या, फुलं परत पसरली, आणि पूल परत आजारी. पोटदुखीचं पोर डॉक्टरसमोर हसतं, तशातली गत.

लग्नाच्या आदल्या दुपारी बाई न सांगता आल्या, पूल बंद करायला साखळी-कुलूप घेऊन. पुलावर पाय ठेवला आणि थांबल्या.

"धुरपताबाई, हे काय?"

"मोह."

"मी फोनवर विचारलं होतं ना?"

"तुमी वजन इचारलं, बाई. हे तं आमी वाळू घालून राह्यलो."

बाई कठड्याला धरून हसत बसल्या. मग समजावून सांगितलं. फुलांखालची अर्धी बाजू गार, उघडी अर्धी तापलेली. तापलेली फुगते, गार फुगत नाही, म्हणून पूल पिळतो. फुलं उचलली. उन्हं उतरायच्या आत बाईंच्या लॅपटॉपवरची, पुलाचा पीळ दाखवणारी रेघ सरळ झाली. तरी माणसांच्या भाराखाली पाहिल्याशिवाय खात्री देता येणार नाही, असं त्या म्हणाल्या.

"माणसंच पायजेत ना?" धुरपता म्हणाली. "उद्या बक्कळ हायेत."

दुसऱ्या दिवशी बाईंनी आधी थोडे सोडले, मग निम्मे, मग दीपिकासकट सगळी वरात. फक्त एक अट घातली. सगळ्यांचे पाय एका ठेक्यात पडायचे नाहीत, नाहीतर पूल झोके घेईल. आता गोंडांच्या बायांना ठेका सोडून नाचा म्हणणं म्हणजे भरल्या ताटावरून उठवणं. म्हाताऱ्या रुसल्या. एकटा सुकलू खूश.

"जल्मभर मले असाच नाच येते," तो म्हणाला, "आज सरकारनं मागतला."

त्याला पुढे घेऊन, त्याच्यामागे ज्याला जसा जमेल तसा पाय टाकत वरात हसत निघाली. ढोलवाल्याची तेवढी पंचाईत झाली. धुरपता बाईंच्या खांद्यावरून रेघेकडे बघत राहिली. रेघ थरथरली, खाली गेली, आणि दीपिकाचं पाऊल पलीकडच्या मातीला लागल्यावर हळूच जागेवर आली.

"छान आहे तुमचा पूल," बाई म्हणाल्या.

"मंग ते बंद करा न् चला," धुरपता डोळे पुसत म्हणाली. "पहिली पंगत बसून राह्यली."