मारुतीच्या पाठीवर चाचा

मांडीवर थाप पडली की आम्ही ओळखायचो, आमच्या या शेजाऱ्यांनी पुन्हा कोणाला तरी शब्द दिला. थापही अशी, की शेजारच्या ओसरीवर वह्या तपासत बसलेला मी दचकून वर बघायचो. तिच्यामागोमाग ठरलेले दोन शब्द यायचे, "झालं समजा!"

काम तेव्हा सुरूही झालेलं नसायचं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी नाशकाकडून बुलढाणा जिल्ह्यात, डोणगावच्या अलीकडच्या एका लहान गावात मास्तर म्हणून आलो होतो. हे माझे शेजारी. मळ्यात वांगी-मिरच्या पिकवायचे. अंगानं दारात मावायचे नाहीत. हनुमान जयंतीच्या मिरवणुकीत मारुतीचं सोंग दर वर्षी त्यांचंच असे. सोंग एका दिवसाचं, पण गावानं नाव बारा महिन्यांसाठी देऊन टाकलं होतं. त्यामुळे मीही इथे त्यांना मारुतीच म्हणतो.

मुलगा विशीतला, बापाहून उंच आणि बापाच्या मानानं अगदीच अबोल. मिरवणुकीत तो मकरध्वज व्हायचा. मारुतीच्या घामाचा थेंब मगरीनं गिळला आणि त्यातून मकरध्वज जन्मला, अशी कथा आहे ना, तोच हा मारुतीचा मुलगा. ही कथा कोणी सांगायला लागलं की त्याची आई भाकरी थापता थापता म्हणायची, "याच्या वक्ताले घाम माह्या निघाला व्हता, मारुतीचा नाई!"

माझा नातू हल्ली आकाशातून उडणाऱ्या वीरांची चित्रं मला दाखवतो. मी कौतुकानं बघतो. पण मनात म्हणतो, बाळा, अशी एक जोडी मी प्रत्यक्ष पाहिली आहे. फक्त ते दोघं चिखलातून चालत होते.

बापाचा शब्द आणि लेकाचे कष्ट, अशी त्या घरातली वाटणी होती. कोणाची विहीर उपसायची, कोणाचं छप्पर शाकारायचं, कोणाची म्हैस नाल्यातून ओढून काढायची. मुलगा कुरकुरत निघायचा.

"बाबा, हो म्हनाच्या आंधी मले इचारत जा ना."

"तुले इचारलं असतं त तूही होच म्हनला असता. येळ वाचवला बे तुह्या!"

आणि खरंच, मुलानं कधी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक पिंजारी चाचा राहायचे. साऱ्या गावाच्या गाद्या-रजया त्यांच्या हातच्या. मारुतीचं शेपूटही तेच भरून द्यायचे. कापूस असा ठासून भरायचे, की शेपटाचा गोंडा डोक्यावर ताठ उभा राही. एका दिवाळीत चाचा माळ्यावरून पडले आणि कंबरेचं हाड मोडलं. हाड बसलं, पण पाय परत आले नाहीत. घरात दुसरं कोणी नव्हतं. बायको कधीच वारली होती, एकुलती एक मुलगी डोणगावला मामाकडे वाढलेली. दोन्ही वेळचं जेवण मारुतीच्या घरून जायचं.

मुलीचा निकाह ठरला, मामाच्या घरी. दिवस मुलाकडच्यांनी ठरवला, तो नेमका हनुमान जयंतीचा. चाचा आम्हाला म्हणाले, "मेरा क्या है, यहीं से दुआ कर दूँगा. गठरी की तरह कौन उठाके ले जाएगा?" बोलताना ते भिंतीकडे बघत होते.

थाप पडली.

"चाचा, पोरीच्या निकाहले तुमाले मी नेतो. गाडीत नेतो. गाडी नाई भेटली त पाठीवर नेतो. झालं समजा!"

बेत सोपा होता. मिरवणूक सकाळची, निकाह दुपारच्या नमाजानंतर. शेजाऱ्याची बैलगाडी चाचांना घेऊन सकाळीच पुढे निघेल आणि मिरवणूक संपली की बापलेक रंग धुऊन मागोमाग जातील. पण आदल्या संध्याकाळी आभाळ फाटल्यासारखा अवकाळी पाऊस झाला. काळी माती तुम्हाला माहीतच आहे. एकदा भिजली की पायातली वहाणसुद्धा सोडत नाही.

मिरवणूक मात्र निघाली. डफडी कडाडत होती. अंगभर शेंदूर फासलेला मारुती गदा फिरवत उड्या मारत होता, मागे मकरध्वज. एवढ्यात गाडीवाला धापा टाकत आला. गावाबाहेर चाक चिखलात रुतलं होतं आणि बैलांनी जोर लावताच आख मोडला होता. चाचा नवा कुडता घालून तिथेच, तिरप्या गाडीत बसून होते.

मारुतीनं गदा माझ्या हातात दिली.

पाटील आडवे आले. "अरे, देवळात नारळ फोडाचा बाकी हाये. मिरवणूक अर्धी टाकून कुठी चालला?"

"पाटील, मारुतीनं देल्ला शब्द मोडला, त मंग तुमी मिरवणूक कोनाची काढून राह्यले?"

 पाटील बाजूला सरकत म्हणाले, "जाय. नारळ थांबते."

"रंग तरी धुवा," मी म्हणालो.

"तेलातला शेंदूर हाये गुरुजी. घासत बसलो त तिकडे निकाह होऊन जाईन."

दोघं पळत सुटले. मागे मी, माझ्यामागे डफडीवाले, त्यांच्यामागे पोरं. चाचांनी दुरून तो लोंढा येताना पाहिला आणि गाडीतूनच ओरडले, "या अल्ला! पूरी लंका आ रही है क्या?"

मारुतीनं त्यांना पाठीवर घेतलं. पांढराशुभ्र कुडता पाठीला टेकला आणि केशरी झाला. चाचांनी एकदा स्वतःकडे पाहिलं आणि मारुतीच्या गळ्यात दोन्ही हात घातले.

डफडीवाले नाल्यापर्यंत वाजवत आले. नाल्याला कंबरभर पाणी होतं, गढूळ आणि ओढीचं. इथे चाचांना मकरध्वजानं खांद्यावर घेतलं आणि बाप पुढे पायानं तळ चाचपत निघाला. शेपटातल्या कापसानं पाणी प्यायला सुरुवात केली. दोन पावलांत ते असं जड झालं, की मारुती मागे ओढला जाऊ लागला.

"कापून टाका ते!" मी ओरडलो.

"खबरदार!" वरून चाचा गरजले. "मेरी भराई है!"

मग काय करणार? माझ्या मास्तरकीची सगळी प्रतिष्ठा बाजूला ठेवून मी गदा काखेत मारली, शेपूट खांद्यावर घेतलं आणि मारुतीच्या मागे पाण्यात उतरलो. काठावरून माझे विद्यार्थी बघत होते.

मध्यावर मकरध्वजाचा पाय निसटला. चाचा एका बाजूला कलले आणि त्यांचे निर्जीव पाय पाण्यात लोंबले. बाप गर्रकन वळला, एका हातानं चाचांना आणि दुसऱ्या हातानं लेकाला धरून घट्ट उभा राहिला. पाणी उसळून त्यांच्या छातीवर आपटत होतं.  हळूहळू पलीकडे लागलो.

पण त्या वळण्यात मारुतीचा गुडघा मुरगळला. चढ चढून गेल्यावर ते बांधावर बसले ते उठेनात. उठायला गेले की चेहरा पिळवटायचा. त्या माणसाला मी तेव्हा पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं.

"डोणगाव लय दूर हाये अजून," ते पुटपुटले. "मी शब्द देऊन बसलो ना बे."

मुलानं चाचांना पाठीवर नीट घेतलं. म्हणाला, "शब्द तुमचा बाबा, पाठ माही. तुमी गुरुजीचा खांदा धरून या सावकाश."

मारुती लेकाकडे बघतच राहिले. मग त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी तोंड फिरवून शेपूट पिळायला घेतलं.

आम्ही पोचलो तेव्हा मांडवात कुजबुज चालली होती. नमाज होऊन गेली होती, काझीसाहेब उठायच्या बेतात होते. आधी पोरं किंचाळली. मग बायकांनी चिकाचा पडदा बाजूला सारला. चिखलानं आणि शेंदरानं माखलेला मकरध्वज दारात उभा, त्याच्या पाठीवर नवरीचा बाप, आणि मागे माझ्या आधारानं लंगडणारा मारुती.

काझीसाहेबांनी आम्हा सर्वांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला वाटलं, आता काय म्हणतात!

"दुल्हन के वालिद आ गए?" त्यांनी शांतपणे विचारलं. "तो फिर देर किस बात की? और पहले इनको शरबत पिलाओ."

मांडवभर हशा उसळला. मुलगी आतून धावत आली आणि बापाच्या गळ्यात पडली. शेंदूर तिच्या गालालाही लागला. चाचा तो पुसायला गेले, तर हातानं आणखी पसरला. चाचा आणि मुलगी दोघंही हसत होते की रडत होते, मला कळलं नाही. मारुती मांडवाबाहेर ओट्यावर बसून शरबत पीत होते.

"उपास आहे ना तुमचा?" मी विचारलं.

"हाव. शरबत चालते उपासाले. अजून एक आना म्हना."

चाचा तिथेच, मेहुण्याच्या घरी राहिले. पुढे वर्षभरात माझी बदली झाली. मारुती जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण आली की मला त्या दिवसाची परतीची वाट दिसते.

ऊन कलतं होतं. चिखलामुळे गाडी मिळाली नाही, म्हणून मुलानं बापाला पाठीवर घेतलं होतं. "उतरव बे, लोक पाहून राह्यले," बाप म्हणत होता. "पाहू द्या," मुलगा म्हणत होता. बांधावरून एका म्हातारीनं त्यांना पाहिलं आणि हात जोडून लगबगीनं वाटेवर आली. "मारुतीबाप्पा, माह्या झोपडीचं छप्पर उडालं रे पावसानं..."

पाठीवरच्या मारुतीनं तोंड उघडलं. त्याबरोबर मकरध्वज बापाला घेऊन चिखल उडवत जो पळत सुटला, तो वळणापर्यंत थांबला नाही. आणि मारुती मात्र लेकाच्या पाठीवरून मागे वळून, दोन्ही हात हलवत, त्या म्हातारीला ओरडून सांगत होते, "उद्या येतो माय, सकायीच येतो!"