हौसाबाईच्या नांगराची गॅरंटी

एकोणीसशे पंचाहत्तर साल. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, आणि सोलापुरात सात रस्त्याजवळ एका दुकानदाराचा गळा दोन्ही हातांनी दाबत होतो. हौसाबाई घिसाडीण मला पहिल्यांदा भेटली ती अशी. मागून येऊन तिनं माझं मनगट धरलं. बाईचा हात वाटला नाही. सांडशीत हात सापडावा तसं झालं आणि माझी बोटं आपोआप सुटली.

"सोड त्याला. मरंल की त्यो," ती म्हणाली. "मग नांगर कोन बदलून दील तुला?"

"बदलून देत नाही म्हणतोय!"

"मग चल हिकडं. मी करून देती. मुडद्या, जरा दम खा."

मी भीमेकाठचा नावाडी. शाळा तिसरीत सोडली; पण पाणी मला कुणी शिकवावं लागलं नाही आणि आजही कुणी शिकवू नये. आमच्या घाटावर माणसं या काठावरून त्या काठाला नेणारी नाव माझी. त्या पावसाळ्याच्या तोंडाला मी याच दुकानातून नावेसाठी नवा नांगर नेला होता. काळा चकचकीत रंग, सोबत छापील कागद, एक वर्षाची गॅरंटी. पहिल्याच लोंढ्यात नांगर टाकला, तो तळाच्या खडकात अडकला, दोराला हिसका बसला आणि काडकन मोडला. नाव गरकन फिरून घाटाच्या दगडावर आपटली. मधे सापडला माझा धाकटा भाऊ नामा. गुडघ्याखालचा पाय चिरडला त्याचा. हाड पांढरं दिसत होतं, आणि तो ओरडतही नव्हता, नुसता माझ्याकडं बघत होता.

मोडका नांगर पोत्यात घालून मी सोलापूर गाठलं. दुकानदारानं गॅरंटीचा कागद उलटा केला आणि तळाच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं : 'वापरताना मोडल्यास जबाबदारी नाही.' तेव्हा मी त्याचा गळा धरला. चूक केली असं मला आजही वाटत नाही.

हौसाबाईचं पाल रस्त्यापलीकडं, लिंबाच्या झाडाखाली. तिनं पोतं उलटं केलं, मोडलेली जागा अंगठ्यानं चाचपली आणि पचकन थुंकली.

"बिडाचं लोखंड हाय ह्ये. वतून केल्यालं. वतताना आत हवा ऱ्हायली, बग ही भोकं. वरनं रंग फासला की झाली नवरी तयार."

तिच्या हातचा नांगर कधी ओतलेला नसायचा. बैलगाडीचा जुना आस दांड्याला, चाकावरच्या धावेचं लोखंड नखांना. दोन्ही पांढरं होईपर्यंत तापवायचं, वर वाळूची चिमूट टाकायची आणि घणाखाली एकजीव करायचं. घिसाड्यांच्यात लोखंड धरतो नवरा आणि घण मारते बायको. तिचा नवरा धोंडिबा ऐरणीपाशी उकिडवा बसून लोखंड फिरवायचा आणि हातोडीच्या टोकानं जागा दाखवायचा. बोलायचा नाही. बोलायचं सगळं तिनं.

आणि काय बोलणं! प्रत्येक घावाला ती एकाचं नाव घ्यायची. "ह्यो सासऱ्याला! बाळंतिणीच्या हातात घण दिला भाड्यानं! ह्यो आमच्यावर कुत्री सोडनाऱ्या पाटलाला! ह्यो रांडच्या दाढंला, रातभर ठनकतीया!" घण खाली यायचा तो नावासकट यायचा. ठिणग्या तिच्या उघड्या दंडावर पडत, कातडी जळल्याचा वास येई, ती हात झटकत नसे.

"किती जणांना मारतेस गं?" मी विचारलं.

"जे मारायच्या लायकीचं हायती आन् मारता येत न्हाईत, त्या समद्यास्नी. राग लोखंडात घालावा. लोखंडाला त्यो मानवतो."

नांगर तयार झाला. चार नखं, पालथ्या पंजासारखी. तिनं घण माझ्या हातात दिला. "घे. दुकानदाराचं नाव घे आन् हान. जीव खाऊन हान."

मी हाणला. नामाचा पाय डोळ्यापुढं आणून हाणला. एक नख बोटभर वाकलं.

"वाकलं!" मी ओरडलो. "हीच का तुझी मजबुती?"

"वाकलं की! वाकलं म्हनून मोडलं न्हाय. वाकंल त्ये मी सरळ करून दीन. तुज्या भावाचा पाय मोडला, त्यो कोन सरळ करून दील, त्यो शेठ?" तिनं नख तापवून दोन घावांत जागेवर आणलं. "मोडला तर ह्योच आनून माज्या टाळक्यात घाल. वाकला तर घिऊन ये."

"गॅरंटी किती वर्षांची?"

"मी जिती हाय तंवर."

कागद नाही, शिक्का नाही. माझा मोडका नांगर मात्र तिनं ठेवून घेतला आणि लिंबाच्या फांदीला टांगला. दुकानाच्या पायरीवर कुणी गिऱ्हाईक चढलं की ती भट्टीवरून बोंब मारायची, "घ्या की, घ्या! पान्याभाईर लई टिकतोय!" लोक वर बघायचे, मोडका नांगर बघायचे आणि पायरी उतरायचे.

पुढच्या पावसाळ्यात भीमेनं पुन्हा दात दाखवले. नाव भरलेली, त्यात लेकुरवाळ्या बाया, आणि वरून झाडं वाहून येत होती. एक बुंधा नावेच्या कुशीत घुसला आणि फळ्या फुटल्या. मी नांगर सोडला. दोर इतका ताणला की त्यातून पाणी पिळून निघालं, माझ्या तळव्यांची सालटी गेली. पण नाव जागची हलली नाही. काठावरच्यांनी दोर टाकून सगळ्यांना ओढून घेतलं. पाणी उतरल्यावर नांगर वर काढला तर चारी नखं उलटी फाकली होती. एकही मोडलं नव्हतं.

तो खांद्यावर टाकून मी सोलापूरला निघालो. तिला दाखवायचा होता. सरळ करून घ्यायचा होता. खरं म्हणजे तिच्या तोंडच्या शिव्या ऐकायच्या होत्या.

पाल फाटलेलं होतं. भट्टी लाथेनं उधळलेली. ऐरणीला रक्त वाळून काळं झालं होतं. शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं, भरदिवसा दोघं आले, फांदीवरचा नांगर काढायला. हौसाबाई घण घेऊन आडवी आली. एकाचा खांदा तिनं तिथंच मोडला. दुसऱ्यानं फांदीवरून खाली पडलेला त्या मोडक्या नांगराचा दांडा उचलला आणि मागून तिच्या टाळक्यात घातला. ती जागीच गेली. मारणारे दोघं पकडले गेले. ज्यानं पाठवले तो दुकानात गादीवर बसून पान खात होता. मला इथून दिसत होता.

मी खांद्यावरचा नांगर खाली टाकला, तिचा घण उचलला आणि रस्ता ओलांडायला निघालो.

"सोड त्याला," मागून आवाज आला.

फाटक्या पालाच्या आडोशाला बसलेला धोंडिबा होता. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. तो उठला नाही. माझ्या नांगराची फाकलेली नखं तो एकेक करून बोटानं चाचपत होता.

"मोडला न्हाय," तो म्हणाला. "वाकलाय. करून द्याया पायजे. ती बोलली हुती."

"ती कुठाय आता?"

"मी हाय. घण मारनारं न्हाय कोन. तू ऱ्हा."

मी राहिलो. त्या लिंबाखाली, पोतं अंथरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडिबानं भट्टी रचली, भाता ओढला, नांगर लाल केला आणि हातोडीच्या टोकानं जागा दाखवली. मी घण उचलला आणि त्या दुकानदाराचं नाव घेतलं. दुसऱ्या घावालाही त्याचंच. तिसऱ्यालाही. तिच्याकडं पुष्कळ नावं होती, माझ्याकडं एकच. रस्त्यापलीकडं दुकानाची फळी अर्धी उघडून पुन्हा बंद झाली. चारी नखं जागेवर आली, लोखंड काळं पडलं, तरी मी मारतच होतो. शेवटी धोंडिबानं सांडशीसकट नांगर बाजूला घेतला, आणि माझा घण रिकाम्या ऐरणीवर पडला.