निर्मलाचे चार डाव

मंडईत मी मटाराच्या शेंगा फोडून बघत होते, तेव्हा फोन वाजला. नाव निर्मलाचं होतं, म्हणून नेहमीसारखंच "बोल, आता काय राहिलं?" असं म्हटलं. पलीकडून तिच्या शेजारच्या कुलकर्णीबाई म्हणाल्या, "अहो, ताई गेल्या हो सकाळी." आणि मी विचारलं, "कुठे?" विचारून झालं, मग मला कळलं. हातातली पिशवी भाजीवाल्याकडे तशीच ठेवून मी बुधवार पेठेतल्या तिच्या घरी चालत गेले. रिक्षा करावी हेसुद्धा सुचलं नाही. झोपेतच हृदय थांबलं होतं. चेहरा, पहिल्या तासाला वर्गात शिरताना असायचा तसाच, जरासा वैतागलेला.

या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. एकाच शाळेत आम्ही एकोणतीस वर्षं शिकवलं, ती गणित आणि मी मराठी. तिच्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण लिहायला बसले की मन एकाच गोष्टीपाशी जाऊन अडतं. ती गोष्ट मला तेव्हा कळली नाही. आता बरीचशी कळली आहे, तरी गोंधळ काही कमी झालेला नाही…

निर्मला कुठलाही पैशाचा खेळ खेळत नसे. दिवाळीत पत्ते नाहीत, लॉटरीचं तिकीट नाही. आमच्या सोसायटीत एकदा कोजागरीला हाऊजी ठेवली होती, पाच-पाच रुपयांची. तिकिटं वाटायला सुरुवात झाली तशी ती उठली, चपला घातल्या आणि चालू लागली. मी तिच्या मागे जिन्यापर्यंत गेले. "अगं, पाच रुपयांनी काय होतंय?" असं जरा चिडूनच विचारलं. तेव्हा जिन्यात उभ्यानेच तिने सांगितलं. तिचे वडील छापखान्यात होते. मटक्याचा आकडा लावायचे, रोज. आदल्या दिवसांचे आकडे वहीत लिहून काढायचे आणि त्यात काहीतरी मेळ शोधत बसायचे. एका सकाळी ती उठली तर आईचं शिवणाचं मशीन जागेवर नव्हतं. आई त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत चहा गाळत होती. "मी नववीत होते," निर्मला म्हणाली. "त्या दिवसापासून मी त्यांना बाबा म्हणून हाक मारली नाही." पुढे ते नऊ वर्षं जगले. एवढं सांगून ती जिना उतरून गेली. त्यानंतर तो विषय तिने काढला नाही, मीही नाही. तिच्या घरात वडिलांचा फोटो नव्हता, तो का नाही हे मला तेव्हा समजलं.

तिची मुलगी अश्विनी आधी खराडीत नोकरीला होती, मग नवऱ्यासोबत सिडनीला गेली. निर्मलाचे यजमान लवकर वारले होते. निवृत्तीनंतर कधीतरी ती अश्विनीकडे पाच महिने राहायला गेली. रविवारी आमचं फोनवर बोलणं व्हायचं. अशाच एका रविवारी, तिथली भाजी किती महाग आहे ते सांगून झाल्यावर, ती म्हणाली, "काल मी केनो खेळले."

मला वाटलं व्यायामाचा काही प्रकार असेल.

"आकड्यांचा खेळ आहे. एक ते ऐंशी. आपण थोडे आकडे धरायचे, मशीन वीस काढतं. जितके जुळतील त्या मानाने पैसे."

"पैसे लावून?"

"नाहीतर काय, चिंचोके लावून?"

मी हसले, कारण ती थट्टा करते आहे असंच वाटलं. पुढच्या रविवारी विचारलं, तर पुन्हा खेळून आली होती.

ती परत आली तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी तिच्याकडे गेले. खरं सांगायचं तर तिला भेटण्यापेक्षा हे प्रकरण समजून घ्यायची घाई जास्त होती. तिने चहा टाकला आणि फळ्यापुढे उभी असल्यासारखं सगळं समजावून सांगितलं. अश्विनीच्या घराजवळ एक क्लब होता. माणसं शनिवारी मुलाबाळांना घेऊन तिथे जेवायला जायची. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर दर तीनेक मिनिटांनी नवा डाव. पहिल्या दिवशी ती खेळलीच नाही. नियमांचं पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, काउंटरवरच्या मुलीला चार प्रश्न विचारले आणि तासभर नुसतं बघत बसली. मग स्वतःला नियम घालून घेतले. घरून निघताना ठरवलेली रक्कम पाकिटात, कार्ड घरी. ती रक्कम गेलीच, असं धरून निघायचं. चार डाव, प्रत्येक डावाला कमीत कमी पैसे. लागो न लागो, चौथ्या डावानंतर उठायचं. गेलेलं परत मिळवायला पाचवा डाव नाही. आणि मन ठिकाणावर नसेल त्या दिवशी तिकडे फिरकायचंच नाही.

"जास्त आकडे धरले की बक्षीस मोठं दिसतं," ती म्हणाली, "आणि सगळे जुळायची शक्यता जवळपास शून्य. लांबचा हिशोब मांडला तर नेहमी क्लबच पुढे. तो धंदा आहे, धर्मशाळा नव्हे. जिंकण्यासाठी कोणी बसत असेल तर त्याने घरी बसावं. सिनेमाचं तिकीट काढतो तसे पैसे द्यायचे आणि विसरायचं."

"आणि आधी कुठले आकडे आले ते बघून…"

"मशीनला मागचं काही आठवत नाही, शैला." हे ती फार हळू म्हणाली.

इथेही खेळणार का, असं मी विचारलं. मान हलवून म्हणाली, "छे. आणि फोनवर तर मुळीच नाही. क्लबातून उठून घरी येता येतं. फोन उशाशीच असतो."

सगळं कसं नीट, पट्टीने आखल्यासारखं होतं. मला मात्र त्या नीटपणाचाच राग येत होता. पाच रुपयांच्या हाऊजीवरून आमच्या सोसायटीतून उठून गेलेली ही बाई! मी विचारलं, "एवढं सगळं कळतं, तर मग खेळलीस कशाला?"

"उठता येतं का, ते बघायला."

"आणि?"

"आलं. दर वेळी आलं."

ती पुढे काहीतरी बोलणार होती. कप खाली ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं होतं, हे मला स्वच्छ आठवतं. पण मी आधी बोलले. आमच्या पुण्यात तोंडून टोमणा सुटायला विचार लागत नाही. मी म्हटलं, "शेवटी वडिलांवरच गेलीस म्हणायची."

निर्मला म्हणाली, "हो." मग कप उचलले, विसळले आणि उन्हाळ्यात अश्विनी येणार आहे वगैरे बोलत राहिली. भांडण झालं नाही. पुढची दोन वर्षं आम्ही भेटत राहिलो, पेन्शनच्या कामाला बँकेत बरोबर जात राहिलो. मी माफी मागितली नाही, कारण ती रागावल्याचं दिसत नव्हतं. दिसत नव्हतं, हे कारण मला तेव्हा पुरेसं वाटलं…

दिवसकार्य झाल्यावर अश्विनी घर आवरत होती. मी मदतीला गेले. निर्मलाच्या आतल्या खोलीत माझं जाणं क्वचितच व्हायचं, आम्ही बसायचो ते बाहेर किंवा स्वयंपाकघरात. त्या दिवशी आत शिरले तर पलंगासमोरच्या भिंतीवर एका माणसाचा फोटो. तिशीतला असेल. अंगात साधा शर्ट, फोटो काढणारा काहीतरी बोलला असावा असं मोकळं हसणं. फ्रेम नवी होती.

"हे कोण गं?"

"आजोबा," अश्विनी म्हणाली. "आईचे बाबा. सिडनीहून आल्यावर तिने कुठूनतरी जुना फोटो मिळवून मोठा करून घेतला. मी तर त्यांना पहिल्यांदाच बघितलं. एवढ्या वर्षांनी का, ते विचारलं तर म्हणाली, भिंत रिकामी होती."

मी पलंगावर बसले. म्हटलं, "सिडनीत ती तो खेळ खेळायची ना…"

अश्विनी हसली. "केनो? तिने तुला फॉर्मचं सांगितलं नाही?"

मला फॉर्मचं काही माहीत नव्हतं. तिथे म्हणे अशी सोय असते, की आपणच अर्ज करून सांगायचं, मला यापुढे आत घेऊ नका. मग क्लब आपल्याला दारातच अडवतो. निर्मला जेमतेम सात-आठ वेळा खेळली असेल. एका शनिवारी चार डाव झाले, ती नियमाप्रमाणे उठली, आणि दाराकडे जाण्याऐवजी काउंटरवर जाऊन तो फॉर्म मागू लागली. मॅनेजरला बोलावून आणलं. तो बिचारा गोंधळला. आजी, तुम्ही तर एका जेवणाइतकेसुद्धा पैसे हरला नाहीत, असं तो समजावत होता. त्यात 'कारण' असा एक रकाना होता. निर्मलाने आपल्या गोलगोल अक्षरात इंग्रजीत लिहिलं, मला हे फार आवडायला लागलं आहे.

"त्याने ते दोनदा वाचलं," अश्विनी म्हणाली. "मी तर घरी येईपर्यंत हसत होते. मला वाटलं, आईचा विक्षिप्तपणा. ती मात्र गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत एवढंच म्हणाली, किती मजा येत असेल गं त्यांना. कोणाला, ते मला कळलंच नाही."

मला कळलं. अश्विनीला आजोबांचं काहीच ठाऊक नव्हतं, आणि मला फॉर्मचं. निर्मलाने अर्धं अर्धं दोघींत वाटून ठेवलं होतं, मुद्दाम की सहज, कोण जाणे. मी अश्विनीला मटका सांगितला, वही सांगितली, शिवणाचं मशीन सांगितलं. नऊ वर्षं न मारलेली हाक सांगितली. मी त्या दिवशी चहा पिताना काय बोलले, तेही सांगितलं. ती फोटोजवळ गेली. मग म्हणाली, "मावशी, म्हणजे तिने त्यांना माफ केलं?"

मला खरंच माहीत नाही. आपल्याला उठता येतं, तर बाबांनाही आलं असतं, असा निवाडा तिने केला असेल. किंवा उठल्यावरही मन तिथेच राहतं हे तिला कळलं असेल, आणि म्हणून तिने दारच बंद करून घेतलं. कधी मला हे पटतं, कधी ते. ती मला सांगणार होती. मी बोलू दिलं नाही.

अश्विनी परत गेली. फोटो उतरवावा की नाही, हे आम्हाला ठरवता आलं नाही, म्हणून तो तिथेच आहे. घराची किल्ली माझ्याकडे आहे. दर गुरुवारी जाते, खिडक्या उघडते, खालच्या दुकानांचा गोंगाट आत येऊ देते आणि तिच्या पलंगावर थोडा वेळ बसते. मागच्या गुरुवारी कुलकर्णीबाई दारातून डोकावल्या. "कोणाचा हो हा फोटो?"

"निर्मलाचे वडील. छापखान्यात होते."

त्यांनी चष्मा पुढे ओढून पाहिलं. "छान हसतायत हो."

"हो," मी म्हटलं. त्यांच्याबद्दल एवढंच मला खात्रीने सांगता येतं.