लवकीचं बी आणि माझी आवडती वेबसाईट

रविवारी सकाळी मागच्या अंगणात मी भिंतीकडे पाहतच राहिली... भिंत रिकामी!

थांबा, आधी वेबसाईटचं सांगते, नाहीतर तुम्हाला काही समजणार नाही. मी चौथी शिकलेली बाई, नवेगाव बांधची. माझ्या मुलीची मुलगी पायल गोंदियाला कॉलेजात आहे, सुट्टीत आली की मला मोबाईलवर पर्यावरणाच्या, साधं राहण्याच्या वेबसाईट दाखवते. आता मला त्यांचं वेडच लागलंय...

एकीवर एक बाई वर्षभर नवीन कपडा घेत नाही. जुन्या साडीची पिशवी, पिशवी फाटली की पायपुसणं, तेही झिजलं की झाडाच्या बुडाशी. दुसरीवर एक जोडपं राखेनं भांडी घासतं. पायलला वाटलं मी हसेन, जन्मभर मी दुसरं काय केलं! पण मला कौतुकच वाटलं. शिकलेली, पगाराची माणसं, आणि किती मन लावून घासतात... त्यांची कढई माझ्यापेक्षा चकचकीत निघाली, खोटं कशाला बोलू.

पण सगळ्यात आवडती म्हणजे बियांची. जुन्या गावरान बियांचे फोटो, खाली बी राखणाऱ्याचं नाव आणि गाव. कोणी मागितलं की पाठवून देतात. मी एकेक नाव बोट ठेवून वाचते.

तर रविवारी मी ऐटीत म्हटलं, "पायल, आपली लवकी टाकू यावर." लवकी म्हणजे दुधी. आमची वेगळी आहे, मान वाकडी, अंगावर पांढरे ठिपके, सासूबाईंनी मला दिलेली. तिचं बी मी शेणात कालवून मागच्या भिंतीला थापून ठेवते. कीड लागत नाही, उंदीर शिवत नाही.

फोटो काढायला गेलो तर ही रिकामी भिंत.

"वंदना, इथलं बी कुठं गेलं?" माझी धाकटी सून चुलीवर आंघोळीचं पाणी तापवून राहिली होती.

"कोणतं बी, आई? तिथं तं गोवरी होती. काल थंडी होती म्हणून लावली चुलीत."

तेवढंच बी होतं हो. वेल वाळलेला, बाकीच्या लवक्या खाऊन झालेल्या... माझ्या तोंडून निघून गेलं, "सासूनं मले बी दिलं. मी तुले काय देऊ आता, राख?"

वंदना दिवसभर जेवली नाही. पायल मात्र माझ्यावरच चिडली, "आजी, तू सांगितलं होतं का मामीले, त्या गोवरीत बी आहे म्हणून?"

मी आठवून पाहिलं... नाही. वंदना तिरोड्याची, माहेरी गॅस, लग्नाला तीन वर्षं झाली. तिला काय माहीत? बी राखायचं काम मी कोणाला हातच लावू देत नव्हती. मलाच मिरवायचं होतं ना!

पायलनं त्या वेबसाईटवर सगळं लिहून टाकलं. काय सांगू, किती लोकांनी उत्तरं दिली! कोकणातल्या एका मास्तरांनी स्वतःची दुधी देऊ केली. एकीनं नुसतंच लिहिलं, "आजी, रडू नका." मी काही रडली नव्हती... थोडीशी.

बुधवारी एक फोटो आला. वाकडी मान, पांढरे ठिपके! गाव वाचलं तर केशोरी. अहो, बसनं जाण्यासारखं गाव...

मी चप्पल घालेपर्यंत वंदना पिशवी घेऊन उभी. "तुम्ही बसा आई, मी जाते."

संध्याकाळी आली ती अख्खी वाळलेली लवकी लेकरासारखी कडेवर घेऊन. हलवली की आत बी खुळखुळ वाजे. केशोरीच्या त्या बाईनं काही घेतलं नाही. म्हणे, पुढच्या वर्षी तुम्ही आणखी कोणाला द्या.

"बसमधे सगळे विचारून राहिले, बाई, तंबोरा कुठं घेऊन चालली?" वंदना रविवारपासून पहिल्यांदा हसली. मग बाह्या सरसावून शेणाच्या घमेल्याशी बसली. "दाखवा आता, कसं थापता ते. आन वर कोळशानं खूण करा, नाही तं पुन्हा आंघोळ करीन मी लवकीवर!"

तिची पहिली थाप खाली पडली. दुसरी चिकटली.

पायलनं फोटो काढला. "बी राखणारीचं नाव काय टाकू, आजी?"

मला कधीपासून तिथं माझं नाव पाहायची हौस होती... मी म्हटलं, "वंदनाचं टाक."

ती वेबसाईटवाली माणसं, ओळख ना पाळख, हातचं सगळं जगाला सांगून मोकळी होतात. मी मात्र एका चुलीवर जेवणाऱ्या सुनेला सांगितलं नव्हतं. माझ्यासारख्या म्हातारीला या वयात शिकवलं त्यांनी, भलं होवो त्या सगळ्यांचं...