बाईंनी काढलेला एकच मेसेज

माझं डोकं तापायला वेळ लागत नाही. त्या दिवशी तर कारणही होतं. बोथच्या आठवडी बाजारात मी मेथी मांडून बसले होते आणि गावातली ओळखीची माणसं नजर चुकवून पुढे जात होती. शेवटी शेजारच्या कांदेवालीने मोबाईल दाखवला. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आमच्या किराणा दुकानदाराने माझा फोटो टाकला होता. फोटोत मी नाल्यावर बसायची बारदानं धूत होते; त्याने लिहिलं होतं, नाल्याच्या घाण पाण्यात मेथी धुते. खाली दुसरा मेसेज : 'यायच्या हातचं कोनी घेऊ नका.' 'यायच्या' म्हणजे कोणाच्या, हे आम्हा बौद्धांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मेथी तशीच गाठोड्यात बांधून मी तडक ग्रुप चालवणाऱ्या बाईंच्या घरी गेले. शाळेत त्यांनीच मला शिकवलेलं. तोवर त्यांनी हाताचा मेसेज काढून टाकला होता, पण पाण्याचा मेसेज आणि फोटो तसेच होते.

"बाई, हे काऊन ठेवलं? त्यालेच काढा ना ग्रुपातून!"

"भाजी खाऊन त्याच्या पोराचं पोट बिघडलं, भेला तो. अन् त्याले काढला तं तुह्यं उत्तर तो कसा आयकन? पान्याचं उत्तर तुह्यापाशी हाय. दे."

"मंग दुसरा काऊन काढला?"

"त्याचं काय उत्तर देशीन, पोरी?"

मी मोबाईल हातात घेतला.

रागारागातच मी ग्रुपवर बोलून टाकलं, सकाळी वावरातल्या पाण्याच्या मोटारीवर या, डोळ्यानं पहा. दुकानदार खरंच आला. मी टाक्यात जुड्या बुचकळत होते, तो बांधावर उभा राहून पाहत होता. मग तिथूनच त्याने स्वतःच्या आवाजात ग्रुपवर सांगितलं, "मेथी टाक्यातच धुते. चुकलं माह्यं." दुसऱ्या मेसेजबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. माझी जीभ शिवशिवत होती, पण मीही विचारलं नाही.

पुढच्या बाजारात मेथी दुपारच्या आतच संपली. घरचे म्हणतात, बाईंमुळे धंदा वाचला. वाचलाच. पण मी त्यांचे उपकार मानते ते वेगळ्या गोष्टीसाठी. पाण्याचा जाब मी दिला, पुन्हा कुणी विचारला तर पुन्हा देईन. माझ्या हातांचा जाब द्यायला मात्र त्यांनी मला कुणापुढे उभं राहू दिलं नाही.